सुशिक्षितांची मरीआई

२०२० सालची गोष्ट निघाली म्हणजे सुशिक्षितांच्या बैठकींत एक ठराविक वाक्य हटकून ऐकूं येतें. चहाचा पेला खालीं ठेवीत कोणी तरी म्हणतो, “सारें खरें हो, पण आपल्या लोकांना शिस्त कोठें आहे? अडाणी समाज! त्याच्यामुळेंच साथ पसरली.” इतरांच्या माना डोलतात आणि विषय मुलांच्या परीक्षांकडे वळतो. गेल्या पांच-सहा वर्षांत हें वाक्य आम्हीं इतक्या ठिकाणीं व इतक्या प्रतिष्ठितांच्या तोंडून ऐकलें आहे कीं, आतां त्यास सिद्धान्ताची योग्यता आली आहे. तें खोटें आहे असें आमचें म्हणणें आहे. केवळ खोटें असतें तर आम्ही गप्प बसलों असतों. पण पुढल्या साथींत पुन्हां माणसें मारण्याची शक्ति त्या वाक्यांत आहे, म्हणून त्याचा समाचार घेणें आम्हांस भाग पडत आहे.

आमच्या मराठवाड्यांत, किंबहुना उभ्या महाराष्ट्रांत, पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा काढण्याची चाल असे. लहानसा लांकडी गाडा करावा, त्यांत देवीची मूर्ति बसवावी, हिरवी चोळी, बांगड्या व दहीभाताचा नैवेद्य ठेवावा, आणि वाजतगाजत तो गांवच्या शिवेवर नेऊन सोडून यावें. शिवेपलीकडे कोणाचें तरी दुसरें गांव असेच. त्या गांवचे लोक सकाळीं उठून पाहत, तों दारांत मरीआई! मग तेहि तो गाडा ओढून आपल्या पुढल्या शिवेवर नेत. अशी ही देवी गांवोगांव फिरे. इंग्रजी शाळेंत शिकलेल्या आमच्या पिढ्यांनीं या चालीस मनसोक्त हंसून घेतलें. पटकी दूषित पाण्यांतून येते, ती गाड्यांत बसून जात नाहीं, हें पुस्तकांत वाचून आम्ही शहाणे झालों. परंतु त्या गाड्यांतील खरी खोड पाण्याविषयींच्या अज्ञानांत नव्हतीच. आपल्या दारचें संकट दुसऱ्याच्या दारीं नेऊन टाकलें म्हणजे तें टळलें, असें समाधान तो गाडा देई, ही त्यांतली खरी खोड. आमचा आरोप असा आहे कीं, २०२० सालीं हा गाडा आम्हां सुशिक्षितांनींच ओढला. खेडुताला निदान आपण गाडा ओढीत आहों एवढें दिसत तरी असे. आमचा गाडा आम्हांस दिसलाहि नाहीं.

प्रथम त्या दिवसांची स्थिति नीट आठवूं. ३० जानेवारी २०२० रोजीं भारतांतील पहिला रुग्ण केरळांत आढळला. ९ मार्चला पुण्यांत, दुबईहून परतलेल्या एका दांपत्याच्या रूपानें, तो रोग महाराष्ट्रांत प्रकट झाला. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनें ही साथ जगद्व्यापी असल्याचें जाहीर केलें. १३ मार्चला महाराष्ट्र सरकारनें १८९७ चा साथरोग कायदा पेटींतून बाहेर काढला. आणि २४ मार्चच्या रात्रीं आठ वाजतां सर्व देशास सांगण्यांत आलें कीं, मध्यरात्रीपासून २१ दिवस घराबाहेर पडावयाचें नाहीं. महिन्यापूर्वीं ज्याचें नांवहि लोकांच्या जिभेवर बसलें नव्हतें, त्या रोगानें चार तासांच्या सूचनेवर सबंध राष्ट्र घरांत बसविलें.

हा रोग हातांनीं पसरतो, वस्तूंनीं पसरतो, कीं हवेनें? धडधाकट दिसणारा माणूसहि तो देऊं शकतो काय? तोंडावर फडकें बांधल्यानें उपयोग होतो काय? यावर औषध कोणतें? या प्रश्नांचीं खात्रीचीं उत्तरें त्या वेळीं मुंबईंत नव्हतीं, दिल्लींत नव्हतीं, जिनीव्हांतहि नव्हतीं. यांत कोणाचा अपराध नव्हता. नवा रोग आला म्हणजे नवें अज्ञान त्याच्याबरोबर येणारच. अपराध सुरू झाला तो पुढें. शेतकऱ्याला अनिश्चिततेची संवय असते. पाऊस येईल कीं नाहीं हें ठाऊक नसतां तो पेरणी करतो. आम्हां पदवीधरांस मात्र “ठाऊक नाहीं” हे दोन शब्द उच्चारणें म्हणजे परीक्षेंत नापास झाल्यासारखें वाटतें. म्हणून आम्हीं ज्ञान नव्हतें तेथें खात्री बसविली, आणि ती खात्री मोबाइलवरून चोहोंकडे वांटली.

याचें पहिलें फळ कोंबडी पाळणाऱ्यांस मिळालें. कोंबडीच्या मांसांतून हा रोग होतो अशी आवई फेब्रुवारी-मार्चमध्यें उठली. ती काय पारावर बसलेल्या निरक्षर म्हाताऱ्यांनीं उठविली? ती लेखी होती, चित्रांसहित होती, अमक्या डॉक्टरांचें मत म्हणून सुबक अक्षरांत छापल्यासारखी होती. ती वाचण्यास अक्षरओळख लागत होती व पुढें धाडण्यास व्हॉट्सॲप लागत होतें. सरकारी पशुवैद्य “यांत तथ्य नाहीं” म्हणून सांगत राहिले. पण कोंबडीचे भाव कोसळले ते कोसळलेच. ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनीं पक्षी फुकट वांटून टाकले, कित्येकांनीं खड्डे खणून जिवंत पिलें पुरलीं. देवीला कोंबडा कापणाऱ्यास आम्ही अडाणी म्हणतों; वाचलेल्या एका ओळीसाठीं हजारों कोंबड्या मातींत घालणाऱ्यास काय म्हणावें, याचें उत्तर सुशिक्षितांच्या बैठकीनें द्यावें.

मोठ्यांचीहि गत याहून फारशी निराळी नव्हती. २८ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें हा रोग हवेंतून पसरत नाहीं, असें “सत्य” या मथळ्याखालीं जगास कळविलें. पुढें हवा हेंच त्याचें मुख्य वाहन ठरलें. निरोगी माणसानें मुखपट्टी बांधण्याचें कारण नाहीं, असें प्रारंभीं सांगण्यांत आलें. एप्रिलच्या आरंभीं आमच्याच आरोग्य मंत्रालयानें घरीं शिवलेली मुखपट्टी बांधा म्हणून सांगितलें, आणि ५ जूनला त्या जागतिक संघटनेनेंहि आपलें मत फिरविलें. हिंवतापावरील हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हें औषध रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनीं प्रतिबंधक म्हणून घ्यावें, अशी शिफारस २३ मार्चला आमच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनें केली, आणि पांढरपेशांनीं त्याच्या गोळ्या कपाटांत भरून ठेवल्या. त्या औषधानें रोग्यांस गुण येत नाहीं हें जूनमध्यें विलायतेंतील मोठ्या प्रयोगानें दाखवून दिलें. शास्त्रानें मत बदललें याबद्दल आमची तक्रार मुळींच नाहीं. मत बदलतां येतें म्हणूनच तें शास्त्र. आमची तक्रार त्या पहिल्या मताला चढविलेल्या खात्रीच्या पोषाखाविषयीं आहे. “आजवरचा पुरावा अपुरा आहे, सध्यां असें वाटतें, उद्यां निराळेंहि वाटेल,” एवढें वाक्य लोकांस सांगितलें असतें तर आभाळ कोसळलें नसतें. उलट, दर पंधरवड्यास सत्य बदललेलें पाहून सामान्य माणसाचा सत्यावरचाच विश्वास उडाला, आणि तो काढ्यांच्या व गंड्यांच्या आश्रयास गेला, यांत त्या बापड्याचा दोष किती?

आतां परक्यांचीं उणीं काढणें पुरे करून स्वतःच्या घरांत डोकावूं. कारण जो आरोप आम्ही इतरांवर करीत आहों त्यांत पहिले आरोपी आम्हीच आहों.

आमचें गांव मुदखेड. नांदेडहून निघालेली रेल्वे येथें दुभंगते. एक फांटा निजामाबादेकडे जातो, दुसरा भोकरवरून आदिलाबादेकडे. भोंवतालच्या मळ्यांत गुलाब-मोगऱ्याचीं फुलें होतात. २२ मार्चपासून प्रवासी गाड्या बंद झाल्या, देवळें मिटलीं, लग्नें थांबलीं, आणि फुलें झाडांवरच सुकूं लागलीं. जंक्शनच्या गांवाला गाडीची शिटी हेंच घड्याळ असतें. तें घड्याळ एकाएकीं थांबल्यावर लोकांच्या मनांत जी पोकळी पडली ती भीतीनें भरून निघाली. एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत नांदेड जिल्ह्यांत एकहि रुग्ण सांपडला नव्हता. तेव्हां रोग यावयाचा तो बाहेरूनच, हा तर्क उघड होता. आणि तर्क उघड असला म्हणजे तो कोठवर खरा, हें तपासण्याची आम्हांस गरज वाटेनाशी होते.

आमच्या आळीच्या तोंडाशीं बांबू आडवा बांधण्यांत आला. बांबूवर पाटी पाहिजे होती. पाटीचा मजकूर शुद्ध मराठींत असावा म्हणून मंडळी आमच्याकडे आली. आम्हीं एका जुन्या फळ्यावर स्वहस्तानें लिहिलें: “बाहेरगांवाहून येणाऱ्यांस शास्त्रीय कारणास्तव प्रवेश नाहीं.” “शास्त्रीय कारणास्तव” हे शब्द कोणीं सुचविले नव्हते, ते आमच्या पदरचे होते, व ते लिहितांना आम्हांस थोडा अभिमानहि वाटला होता.

आळीच्या मागल्या अंगास दोन खोल्यांत एक बाई राहतात. आमच्या घरीं भांडीं-धुणीं त्यांच्याकडेच असे. त्यांचा मुलगा पुण्यास इमारतींच्या कामावर होता. काम बंद पडलें, मुकादम दिसेनासा झाला, तेव्हां तो बायको व तीन वर्षांचें मूल घेऊन निघाला. थोडी वाट मालमोटारीच्या टपावर, थोडी रुळांच्या कडेनें चालत, आठव्या दिवशीं आळीच्या बांबूपाशीं येऊन उभा राहिला. दहा-बारा माणसें जमलीं, आणि सगळ्यांनीं आमच्याकडे पाहिलें. “सर, तुम्हीच सांगा.” आम्हीं वर्गांतला आवाज काढून सांगितलें कीं, हा विषाणु कपड्यांवर कित्येक दिवस जगतो, लहान मुलांत लक्षण दिसत नाहीं पण तीं रोग देतात, सबब मूलहि आंत घेतां येणार नाहीं. यांतलें एकहि वाक्य आम्हांस खात्रीनें ठाऊक नव्हतें. सारीं आम्हीं त्याच आठवड्यांत मोबाइलवर वाचलेलीं होतीं. त्या बाई एवढेंच म्हणाल्या, “सर, लेकरू तेवढं आत येऊ द्या. आमी बाहीर ऱ्हाताव.” आम्हीं उत्तर दिलें, “नियम सर्वांना सारखा.”

तीं तिघें रस्त्याकडेच्या एका अर्धवट बांधलेल्या घरांत चौदा दिवस राहिलीं. त्या घरास दार नव्हतें, नळ नव्हता. सकाळ-संध्याकाळ ती म्हातारी दोन घागरी पाणी तेथवर नेई, हें आम्ही गच्चीवरून पाहत होतों. तिला आम्हीं कामावर न येण्यास सांगितलें होतें. पहिल्या महिन्याचा पगार पुरा दिला, दुसऱ्याचा अर्धा, आणि तो देतांना आपण उदार आहों असें आम्हांस वाटलें. तिघांपैकीं कोणासहि रोग झाला नाहीं.

पुढें जूनमध्यें आमच्याच आळींतील एका घरीं मुंबईचे पाहुणे रीतसर ई-पास काढून मोटारीनें आले. बांबू वर उचलण्यांत आला. पाटी तेथेंच होती, मजकूर तोच होता. पण “शास्त्रीय कारण” कोणास आठवलें नाहीं, आम्हांसहि नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांच्याकडे मुंबईची हकीगत ऐकण्यास गेलों व चहा घेऊन आलों. पंधरवड्याच्या आंत आळींतला पहिला रुग्ण त्याच घरांत निघाला. त्या पाहुण्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांना तरी काय ठाऊक होतें? आम्ही दोष देतों तो त्या पाटीस. ती पाटी माणूस कोठून आला हें विचारीत नव्हती. पायीं आला कीं मोटारीनें आला, एवढेंच विचारीत होती.

येथें एक भेद स्पष्ट करणें अवश्य आहे, नाहीं तर आमच्या म्हणण्याचा विपर्यास होईल. बाहेरून आलेल्यास चौदा दिवस वेगळें ठेवणें चूक होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणें तें योग्यच होतें. पण वेगळें ठेवणें निराळें आणि वाळींत टाकणें निराळें. वेगळा ठेवलेला माणूस आपल्या मोजणींत राहतो. त्याचें पाणी, त्याचा शिधा, त्याच्या डोक्यावरचें छप्पर हा आपल्या हिशेबाचा भाग असतो. वाळींत टाकलेला मोजणींतूनच जातो. संशयाच्या काळांत कोणी तरी संशयाचा भार वाहावाच लागतो. तो सर्वांनीं वांटून घेतला तर तें विलगीकरण. सगळा एकाच्याच डोक्यावर देऊन त्यास शिवेबाहेर काढलें, तर तो मरीआईचा गाडा. त्याला शास्त्रीय नांव दिल्यानें त्याचीं चाकें बदलत नाहींत.

आमच्या आळीपुरतीच ही गोष्ट असती तर आम्ही ती मासिकांत मांडली नसती. पण त्याच दिवसांत हा गाडा राज्या-राज्यांमधून फिरत होता. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनास आलेले सुमारे ४,००० शीख यात्रेकरू टाळेबंदीमुळें तेथेंच अडकून पडले. गुरुद्वाऱ्यानें त्यांस महिन्याहून अधिक काळ आसरा दिला, लंगरांत जेवूं घातलें. एप्रिलच्या अखेरीस ते बसगाड्यांनीं पंजाबास परतले, आणि तेथें तपासणी होतांच त्यांपैकीं एक हजारांहून अधिक जण बाधित ठरले. लागलीच दोन राज्यांच्या मंत्र्यांत वाद जुंपला. पंजाब म्हणे, रोग नांदेडहून आला. महाराष्ट्र म्हणे, तो वाटेंत किंवा गाड्यांत लागला असावा. दोन्ही पक्ष शिकले-सवरलेले, दोन्ही पक्षांच्या हातीं पुरावा अपुरा, आणि दोन्ही पक्षांस खात्री मात्र पुरी! मधल्या मधें त्या यात्रेकरूंचा दोन्हीकडे रोगाची गांठोडीं म्हणून उल्लेख झाला. त्यांना जेवूं घालणारे जे लंगराचे सेवादार, त्यांची कोणत्या पक्षानें आठवण काढली?

लातूर जिल्ह्यांतील निलंग्याचेंहि असेंच. हरयाणांतून आंध्राकडे निघालेले १२ प्रवासी तेथें एका मशिदींत थांबले असतां एप्रिलच्या आरंभीं त्यांपैकीं ८ जण बाधित आढळले. दिल्लींतील तबलिगी मेळाव्याच्या बातम्या तेव्हां ताज्या होत्या. आणखी काय पाहिजे होतें? रोगाला धर्म मिळाला, नांव मिळालें, वेष मिळाला. पुढें २१ ऑगस्ट २०२० रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें त्या मेळाव्याच्या संबंधांत २९ परदेशी नागरिकांवर दाखल झालेले खटले रद्द केले, आणि साथीच्या वेळीं बळीचा बकरा शोधण्याची वृत्ति बळावते, असें आपल्या निकालांत नमूद केलें. एप्रिलमध्यें ज्यांनीं त्या लोकांच्या ध्वनिफिती आम्हांस धाडल्या होत्या, त्यांपैकीं एकानेंहि ऑगस्टमध्यें तो निकाल धाडला नाहीं.

टाळ्यांचीहि गोष्ट विसरतां येत नाहीं. २२ मार्चला सायंकाळीं पांच वाजतां आम्ही सहकुटुंब गच्चीवर जाऊन डॉक्टर व परिचारिका यांच्या सन्मानार्थ थाळ्या वाजविल्या. बरोबर एक महिन्यानें, २२ एप्रिलला, त्याच डॉक्टर-परिचारिकांवर होणारे हल्ले थांबविण्यासाठीं केंद्र सरकारास अध्यादेश काढावा लागला. मधल्या तीस दिवसांत त्यांना भाड्याच्या खोल्या सोडावयास सांगणारे घरमालक काय निरक्षर होते? रुग्णालयाच्या जवळ घर बांधून तें भाड्यानें देणें हा अडाण्यांचा धंदा नव्हे.

आणि ८ मे. ज्या लोहमार्गावर आमचें मुदखेड आहे, त्याच मार्गावर जालना व औरंगाबाद (आजचें छत्रपती संभाजीनगर) यांच्या दरम्यान, करमाडजवळ, पहांटे एका मालगाडीखालीं १६ मजूर चिरडले गेले. ते मध्यप्रदेशांतील होते. जालन्याच्या पोलादी कारखान्यांतलें काम बंद पडल्यावर पायीं घराकडे निघाले होते. चालून थकल्यावर रुळांवरच निजले. त्यांच्याजवळच्या भाकरी रुळांवर विखुरलेल्या सर्वांनीं चित्रांत पाहिल्या. त्या दिवशीं सुशिक्षितांच्या तोंडून आम्हीं काय ऐकलें? “रुळांवर कोणी निजतें का?” अहो, दीड महिना सारें जग ओरडून सांगत होतें कीं, रेल्वे बंद आहे! आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवून ते निजले. मालगाड्या चालू आहेत हें त्यांना कोणीं सांगावयाचें होतें? ज्यांच्यापर्यंत आमचें अर्धें वाक्य पोंचलें आणि उरलेलें अर्धें पोंचलें नाहीं, त्यांस आम्हीं अडाणी ठरविलें व पेला पुन्हां उचलला.

कोणी म्हणेल, साथींत मनुष्यस्वभाव असाच वागणार. इतिहास तसें सांगत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हांचें अज्ञान आमच्याहून दसपट होतें. अधिकाऱ्यांस मात्र पक्की खात्री होती कीं, हा रोग गरिबांच्या घरांतील घाणींतून उपजतो. त्या खात्रीच्या जोरावर घरें धुण्यांत आलीं, अंथरुणें जाळण्यांत आलीं, कुटुंबेंच्या कुटुंबें छावण्यांत ओढून नेण्यांत आलीं. आणि या जुलुमाचें पर्यवसान २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यांत प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याजवर गोळी झाडण्यांत झालें. रोग वाहतो तो उंदराच्या अंगावरील पिसू, हें पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत दाखविलें, तर तेंहि विद्वानांनीं कित्येक वर्षें मानलें नाहीं. आतां दुसरी बाजू पाहा. त्याच पुण्यांत, त्याच १८९७ सालीं, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांस आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यांत आणीत होत्या. एका आजारी मुलास त्यांनीं पाठीवर घेऊन आणलें असें सांगतात. त्यांस स्वतःस रोग लागला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. पिसवेची गोष्ट रँडला ठाऊक नव्हती, तशी सावित्रीबाईंनाहि नव्हती. अज्ञान दोघांचें सारखेंच होतें; पण एकानें संशयाचा सारा भार दुसऱ्यांवर लादला, दुसरीनें तो स्वतःच्या पाठीवर घेतला. जुन्या पिढीकडून आम्हीं असेंहि ऐकलें आहे कीं, प्लेगांत उंदीर पडूं लागले म्हणजे गांवेंच्या गांवें उठून रानांत झोपड्या घालून राहत. हा शहाणपणा निरक्षरांचा होता. तेथें वाळींत कोणी पडत नसे, कारण सगळें गांवच बाहेर पडलेलें असे.

आमच्यावर येणारे आक्षेप आम्ही जाणतों. पहिला असा कीं, भीति घातल्यावांचून लोक ऐकत नाहींत. आमचा अनुभव उलट आहे. १८९७ सालीं तपासणीच्या भीतीनें लोकांनीं रोगी लपविले; २०२० सालीं दाराला पत्रे ठोकतील, शेजारी बोट दाखवतील, या भीतीनें लोकांनीं ताप लपविला. भीतीनें माणूस घरांत बसतो हें खरें, पण रोगासकट बसतो.

दुसरा आक्षेप असा कीं, ज्ञान पुरें नाहीं म्हणून हात बांधून बसावें काय? मुळींच नाहीं. निर्णय करावाच, कडक करावा लागला तर कडकहि करावा. पण तो अंदाजावर उभा आहे हें सांगावें, पुन्हां केव्हां विचार करणार तें सांगावें, आणि त्याचा जाच सोसणाऱ्याच्या भाकरीची सोय त्याच तोंडानें सांगावी.

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका आहे: “हें सारें मागाहूनचें शहाणपण!” यास आमचें उत्तर सरळ आहे. विषाणु हवेंतून जातो कीं कपड्यांतून, हें आम्हांस मार्च २०२० मध्यें ठाऊक असावयास पाहिजे होतें, असें आम्ही म्हणतच नाहीं. पण तीन वर्षांच्या मुलाला दिवसांतून कितीदां तरी पाणी लागतें, हें तेव्हां ठाऊक नव्हतें काय? म्हातारीच्या कमरेला दोन घागरी जड होतात, हें कळण्यास कोणत्या प्रयोगशाळेची गरज होती? घरापासून चार हात दूर घागर ठेवून परत येण्यानें कोणाहि शास्त्राचा नियम मोडत नव्हता. आम्हीं तेवढें केलें नाहीं, आणि त्याचें कारण अज्ञान नव्हतें.

पुढली साथ केव्हां येईल हें आम्हांस ठाऊक नाहीं, पण ती यावयाची राहणार नाहीं. त्या वेळीं बांबू पुन्हां बांधला जाईल, आणि पाटीसाठीं मंडळी पुन्हां आमच्यासारख्या कोणाकडे तरी जातील. कारण शुद्ध मराठी लिहिणारा प्रत्येक आळींत एखादा असतोच. त्या वेळीं त्यानें काय लिहावें? आमची सूचना तीन ओळींची आहे. पहिल्या ओळींत आज आपल्यास काय ठाऊक आहे तें लिहावें. दुसरींत काय ठाऊक नाहीं तें लिहावें, आणि ही ओळ पहिलीहून लांब झाली तरी लाजूं नये. तिसरींत, बाहेर थांबलेल्यांस पाणी व भाकरी कोण नेऊन देईल, त्यांचीं नांवें पाळीपाळीनें लिहावीं. आणि पायीं आलेल्यास जो नियम तोच मोटारवाल्यास लावावा.

तो जुना फळा आम्हीं टाकून दिलेला नाहीं. तो आमच्या माळ्यावर आहे, आणि त्यावरचें अक्षर आमचें आहे. त्या बाई अजूनहि आमच्या घरीं येतात. त्या चौदा दिवसांविषयीं त्यांनीं आम्हांस एका शब्दानें कधीं विचारलें नाहीं. बैठकींत ते ठराविक वाक्य ऐकूं आलें म्हणजे मात्र आम्हांस तो फळा आठवतो, आणि साथ कोणामुळें पसरली हें ठरविण्याचा आमचा अधिकार तेथेंच संपतो. पुन्हां तसा प्रसंग आला तर त्या फळ्यावरील तिसऱ्या ओळींत पहिलें नांव आमचें असेल. वाचकांनीं आपआपल्या आळींतील दुसरें, तिसरें नांव आजच ठरवून ठेवावें.